कुठली टोपी कुठल्या स्प्रिंगची

जुन्या इंजिनाचं काम घरी करू नये. करायचंच झालं तर सणासुदीला करू नये, आणि माझ्यासारख्या तापट माणसाने तर मुळीच करू नये. हे आता कळतं. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, घाटकोपरच्या एका कारखान्यात फिटर होतो आणि मला सगळंच येत होतं.

बाबांची काळी-पिवळी टॅक्सी होती. इंजिन धूर ओकायला लागलं म्हणून मी ते जोगेश्वरीला आमच्या चाळीसमोर खोललं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी गाडीचं पासिंग होतं. बाबांनी आधीच सांगून टाकलं होतं, पास झाली तर आणखी पाच वर्षं चालवीन. तारीख चुकली तर टॅक्सी देऊन टाकीन आणि गावी जाईन, त्या ऑफिसात पुन्हा खेटे घालणार नाही. बाबा बोलले की करायचे. आणि गावी जाऊन हा माणूस काय करणार होता? दोन कुणग्यांतल्या भाताकडे बघत बसणार. मला ते नको होतं. त्यांनाही नको होतं, पण ते कबूल कोण करतंय.

इंजिनात आठ व्हॉल्व. प्रत्येकावर एक स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या डोक्यावर तिला जागेवर धरणारी एक लोखंडी टोपी. नव्या गाडीत सगळ्या सारख्या असतात, कुठलीही कुठेही लावा. आमच्या इंजिनाला वीस वर्षांत चार मेस्त्र्यांचे हात लागले होते. तीन स्प्रिंगा मूळच्या, दोन कुर्ल्याच्या भंगारातल्या, बाकीच्या देव जाणे कुठल्या. टोप्याही कुणी कुणी लेथवर चाटून त्या त्या स्प्रिंगला जुळवलेल्या. टोपीची अदलाबदल झाली की स्प्रिंग तिरकी बसते, आणि तिरकी स्प्रिंग कधी दगा देईल सांगता येत नाही. नवा सेट आणावा, तर दुकानात पुढच्या मॉडेलचाच मिळत होता. म्हणून मी पुठ्ठ्यावर एक ते आठ आकडे काढून जोड्या मांडून ठेवल्या होत्या.

दसऱ्याच्या सकाळी कारखान्यातली मशीनची पूजा आटपून घरी आलो, तर पुठ्ठा गायब. पाटावर रांगोळी, झेंडूची फुलं, आणि मध्ये माझ्या स्प्रिंगा टोप्या घालून गोल उभ्या. आईने चिंच लावून एकेक लखलखीत घासली होती, पाण्याने धुतली होती आणि वर कुंकू लावलं होतं. पाण्याने! माझं टाळकंच सटकलं. गंज चढेल, जोड्या गेल्या, वाट लागली, असं काहीबाही ओरडत मी सगळा पाट उचलला आणि केरोसीनच्या डब्यात उपडा केला. ब्रश घेतला आणि कुंकवाचा कण न् कण घासून काढला.

आई दारात उभी होती. माझं ओरडून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "मिया मोजून कुंकू लावललंय रे. पयल्याक एक ठिपको, आठव्याक आठ. टोपयेक तेवढेच, स्प्रिंगेक तेवढेच."

मी डब्यात बघितलं. तांबडं झालेलं केरोसीन आणि तळाला सोळा तुकडे. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पुठ्ठ्यावरची ओळ मोडायची नाही हे तिने न सांगता ओळखलं होतं. माफी मागायची ती वेळ होती. मी काय म्हणालो? "आधी सांगायचं ना!"

मग तीन दिवस नुसती डोकेफोड. अंधेरीच्या गावठाणातल्या ख्रिस्ती मेस्त्रीने एक युक्ती सांगितली. दोन स्प्रिंगा डोक्याला डोकं लावून शेगड्यात धरायच्या, म्हणजे बाकावरच्या त्या दोन जबड्यांच्या पकडीत, आणि हळूहळू आवळायचं. जी जास्त दबते ती नरम. असं करत नरम-कडक वेगळ्या केल्या. मग टोप्या. एकेक टोपी एकेक स्प्रिंगवर ठेवायची, अंगठ्याने फिरवायची, हलते का बघायचं. पाच जोड्या छातीठोक जुळल्या. उरलेल्या तीन सगळ्याच थोड्याथोड्या बसायच्या आणि एकही नीट बसायची नाही. आता लागली म्हणावं तर केसाएवढी डुलायची. मी पान्हा फेकला, स्वतःला शिव्या दिल्या, दोन वेळा जेवणावरून उठलो. बाबा बाकड्यावर बसून बघायचे. घाई कर असं एकदाही म्हणाले नाहीत, त्याचा जास्त राग यायचा.

शेवटी त्या तीन अंदाजाने बसवल्या आणि सोमवारी सकाळी इंजिन चालू केलं. एका बाजूने टक टक टक टक. वरचं झाकण काढलं तर सहावी स्प्रिंग वाकडी होऊन नाचत होती. बंद केलं. आता व्हॉल्व बसवलेलं इंजिनाचं हेड पुन्हा उतरवायचं म्हणजे दिवस गेला. तारीख गेली.

बाबांनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं, "सगळं मांडून ठेवलेलंस ना रे? मग मिसळलं कसं?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी आई बोलली. "माझ्याच हातसून मिसळला. पूजेक घेतललंय."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेले. मी काहीच बोललो नाही. लाज वाटत होती, आणि खोटं का बोलायचं, सुटल्यासारखंही वाटलं. बुधवारी तिन्ही जोड्या जुळल्या. इंजिन इतकं मऊ चालायला लागलं की बॉनेटवर हात ठेवल्याशिवाय कळेना. तोवर बाबांनी टॅक्सी दुसऱ्याला कबूल केली होती. पुढच्या महिन्यात दोघं गावी गेले.

गावी आल्या-गेल्याला बाबा हसत हसत सांगायचे की हिच्या पूजेने माझी टॅक्सी घालवली. लोक हसायचे. आई चहाचे कप उचलून आत जायची, माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. बाबा त्यानंतर अकरा वर्षं होते. मी दर मे महिन्यात गावी जायचो, ते ऐकायचो आणि गप्प बसायचो.