सटवाजीचा नेम आणि चिंचेवरची घार

जळकोटकडं शाळू हुरड्यात आला की भोरड्यांचे थवे उतरतात, आणि दरसाल त्या दिवसांत सटवाजीचा भाव वधारतो. चार मेढी रोवून केलेल्या माळ्यावर चढायचं, अंबाडीची गोफण डोक्याभोवती गरगरा फिरवायची आणि असा फटका काढायचा की पार शिवेपलीकडचं पाखरू उठलं पाहिजे. त्याच्या नेमाच्या गोष्टी तर गावात लेकरांनाही पाठ. एका कंदुरीच्या जेवणात म्हणे घारीनं पत्रावळीवरचा मटणाचा तुकडा उचलला, सटवाजीनं बसल्या जागेवरून गोफण मारली, आणि तुकडा परत पत्रावळीत. पत्रावळ कुणाची होती यावर गावात दोन मतं आहेत. तुकडा पडला यावर नाहीत.

म्हणून यंदा शाळूत ड्रोन पडला तेव्हा कुणी चौकशीच्या भानगडीत पडलं नाही. सगळे सरळ सटवाजीकडं बघायला लागले.

ड्रोन घरचाच. सटवाजीचा लेक भागवत देगलूरला फोटो स्टुडिओ चालवतो, लगीनसराईत वराती वरून टिपतो. पण उडवायचं काम सून दीपालीचं. भागवतनं उडवला की तो मांडवाला तरी लागतो, नाहीतर नवरदेवाच्या फेट्याला. दीपालीचा हात बसलेला, आणि तो तसाच बसलेला राहावा म्हणून ती रिकाम्या दिवशी शेतात येऊन उडवायची. सटवाजीला ते भुणभुणणारं यंत्र पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. नागप्पाच्या हॉटेलात चहा पिता पिता तो सगळ्यांदेखत बोलून गेला होता, "आपण माडीवरून कुणाच्या अंगणात बघितलं तर शिव्या, अन् ह्यानं बघितलं तर शूटिंग. एक दिवस दगडच घालतो त्याला."

हे बोलणं पुढं महागात पडलं.

त्या दिवशी दीपालीनं बांधावरून ड्रोन सोडला. तो शाळूवरून चिंचेकडं गेला. माळ्यावर सटवाजीची गोफण कडाडली, आणि त्याच दमात ड्रोन कोलांट्या खात ताटांत कोसळला. दीपालीची नजर हातातल्या पडद्यावर होती. पडद्यावर आभाळ दिसलं, मग माती, मग काहीच नाही. सरावाला म्हणून तिनं रेकॉर्डिंगही चालू केलं नव्हतं. मान वर केली तर सासरा माळ्यावर उभा आणि गोफण अजून हातात हलतेय.

"मामा, काय केलंत हे?"

"म्या कुठं काय केलं? घारीनं हाणलं त्याला. पाय पुढं करून आली, धरलं अन् दिलं सोडून."

"कुठाय घार?"

घार चिंचेत शिरली होती, आणि चिंच अशी दाट की आत हत्ती दडला तरी दिसायचा नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. शेजारचा शेतकरी शिवमूर्ती हॉटेलात सटवाजीला जागा करून देत म्हणाला, "मानला गड्या तुला. चालतं यंत्र, त्यात वारं."

"म्या न्हाई पाडलं."

"असंच म्हणायचं. पोलीस आले तरी असंच म्हण."

नागप्पानं चहाचे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या गावची माणसं गोफण बघायला आली. सटवाजी नाही नाही म्हणत होता, पण गोफण दाखवत होता. खरं सांगायचं तर त्याला ते सगळंच काही वाईट वाटत नव्हतं.

घरात मात्र वेगळं होतं. दीपाली वेळेवर जेवायला वाढायची, भाकरी गरम असायची, पण ती बोलायची ते ताटाशी. दीपालीच्या सासूनं, पंचफुलाबाईनं, नवऱ्याला बाजूला घेतलं. "अवं, सांगून टाका की. सून हाय, फासावर थोडंच देती."

"तूबी?"

"म्या कंदुरीला होते," ती म्हणाली. झालं. घारीवरचा तो नेम तिनं डोळ्यांनी बघितला होता.

ड्रोन दुरुस्त होऊन आला तशी दीपालीनं चुलीपाशी बसून सांगितलं, "देगलूरलाच खोली बघायला सांगितलंय ह्यांना. रोज असं भीत भीत कसं काम करायचं? घरच्याच माणसावर शक घेऊन राहणं बरं दिसत न्हाई."

सटवाजीच्या हातातला घास तसाच राहिला. आपल्या घरात आपल्या शब्दाला कुणी विचारत नाही, आणि त्यापायी लेकाचं बिऱ्हाड उठणार. तिला पटवायची एक वाट होती, पण ती वाट त्याला पेलेना. गेल्या दोन सालांपासून त्याच्या डोळ्यांत पडदा आला होता. गोफणीत तो दगड घालतच नव्हता. रिकामीच फिरवायचा, फटकारायचा, आणि आवाजाला पाखरं उठायची. पाखरांना काय कळतंय. पण माणसांना कळलं तर माळा गेला, नाव गेलं, पारावर बसून माशा वारायच्या.

सकाळी तो सुनेला म्हणाला, "शेतात चल. एकटीच ये. एक डबा घे."

ती आली, पण अंतर ठेवून. त्यानं पत्र्याचा डबा बांधावर ठेवायला लावला, गोफणीत गुंडा घातला आणि फिरवून सोडला. दगड शाळूत कुठंतरी गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला दीपालीच खाली बसली.

"मुद्दाम चुकवून राहिलाव तुमी," ती म्हणाली.

सटवाजीनं नवा गुंडा घेतला. तो घालत असताना दीपालीनं, काय मनात आलं कुणास ठाऊक, हळूच डबा उचलून पदराखाली घेतला आणि बाजूला झाली.

"मारा."

सटवाजीनं पाय रोवले. डोळे बारीक केले. रिकाम्या बांधावर जीव लावून नेम धरला, सोडला, आणि मान पुढं काढून विचारलं, "लागला का गं? जवळून गेला वाटतं."

डबा तिच्या हातात होता.

"मामा, कवापासून?"

त्यानं सांगितलं. पण शक एकदा घरात शिरला की असा जात नाही. तिनं लगेच विचारलं, "मग घारीचे पाय कसे दिसले?"

"पाय म्या मनानं लावले," सटवाजी म्हणाला. "सावली अंगावरून गेली अन् घार वरडली, तेवढंच खरं."

दीपाली चिंचेखाली गेली. वर काटक्यांचं, चिंध्या खोवलेलं घरटं होतं. ती नीट बघायला पुढं सरकली तोच घार फांदीतून सुटली आणि तिच्या डोक्याला वारा लावून गेली. दीपाली मटकन बसली. घार वळून पुन्हा आली, या खेपेला पाय पुढं करून. तेवढ्यात मागून गोफण कडाडली. घार वाकडी होऊन वर निघून गेली.

"लागली का?" सटवाजी मागून विचारत होता. "तुला म्हणतो. नख लागलं का?"

"न्हाई मामा." तिनं पदर सारखा केला. "पाय खरंच पुढं होते तिचे."

परत येताना हॉटेलापाशी शिवमूर्तीनं गाठलंच. "काय सूनबाई, कबूल केलं का म्हाताऱ्यानं?"

सटवाजी उगाच चपलेतला खडा काढू लागला.

"केलं," दीपाली म्हणाली. "एकाच दगडात पाडला म्हणले. आता चिंचेकडं उडवायचा न्हाई, असं ठरलंय आमचं."

मग ती थोडी पुढं जाऊन भागवतशी फोनवर बोलली. "खोलीचं राहू द्या. अन् मामांना नांदेडला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचंय. कुणी विचारलं तर लग्नाला चाललो म्हणा."

सटवाजीनं ते ऐकलं. मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसले आणि डोळ्यांत शाळूचं कुसळ गेलं म्हणून नागप्पाला सांगितलं.

शिवमूर्ती दोघांच्या पाठमोऱ्या चालण्याकडं बघत राहिला. सून पुढं, सासरा मागं, गोफण सुनेच्या खांद्यावर आणि डबा सासऱ्याच्या हातात.

"नागप्पा," तो म्हणाला, "ही दोघं मिळून कायतरी लपवून राहिलीत."

नागप्पानं चहा गाळला. त्यालाही तसंच वाटत होतं.