नदीकाठचे तीन नंबर

काचीगुड्याचे केशवराव पीककापणीचे साहेब. गावी जायचं, चिठ्ठीत निघालेल्या सर्व्हे नंबरात पाच मीटर लांब-रुंद चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापून तोलायचं, एवढंच काम. पण अशा चार चौकोनांवर अख्ख्या गावाचा पीकविमा ठरे. वजन कमी भरलं तर भरपाई, नाहीतर काही नाही.

आदिलाबादकडच्या एका मराठी गावात ते सोयाबीनच्या कापणीला गेले. चारपैकी तीन नंबर नदीकाठचे निघाले होते, आणि तिथलं सगळं पुरानं कुजलेलं. गावाला मात्र तेलुगूऐवजी आपली भाषा बोलणारा साहेब आल्याचं कोण कौतुक. त्यांना उतरवून घेणारे गावचे नामदेवराव म्हणाले, "घरच्या पाहुण्याला सडकं शेत काय दाखवायचं जी? वरच्या अंगाला चला."

गावाला विम्याचं गणित ठाऊक नव्हतं. केशवरावांना होतं. पण गुडघाभर चिखल होता, पायात नवे बूट होते, आणि नामदेवरावांच्या बायकोनं, मालनबाईंनी, पुरणपोळीचा घाट घातला होता. चौकोन वरच्या शेतात आखले, कागदावर नंबर नदीकाठचे लिहिले. सोयाबीन भरघोस भरलं. केशवराव पोटभर जेवून गाडीत बसले.

भरपाई अर्थातच आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात एका राज्याची दोन झाली, केशवरावांच्या कचेरीत दोन्ही राज्यांत फायलींची वाटणी सुरू झाली, आणि त्याच धांदलीत एक दिवस मालनबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"शेजारच्या गावाला विमा भेटला. आमचंच काही चुकलं का जी?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण केशवरावांनी फायलींच्या ढिगाकडे बोट केलं. "वाटणीत कागदं इकडची तिकडे झाली, वहिनी." बोलताना त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"मग तुमचा तरी काय इलाज," म्हणत मालनबाईंनी पिशवीतून एक अर्ज काढला. "यंदाबी तुम्हालेच धाडा, असं गावानं लिहून देल्लं. परका साहेब नको. पोच द्या तेवढी."

खाली चाळीसेक सह्या नि अंगठे होते. पहिली सही नामदेवरावांची. केशवरावांची मान वर होईना. त्यांनी शिक्का उचलला आणि नुसता टेकवला. तो पुसट उमटला.

"नीट उमटवा जी," मालनबाई म्हणाल्या, "गावाले दाखवायचा हाय."

त्यांनी पुन्हा उमटवला.