आठ फेब्रुवारी, दोन ऑगस्ट

मी मूळची सांगलीची. म्हैसूरला हिनकलमध्ये वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते आणि हूटगळ्ळीच्या एका कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका निस्तरते. खाली घरमालक काका-काकू. त्यांचे पूर्वज राजाच्या फौजेत होते. काकांनी आयुष्यभर नंजनगूडची बस चालवली, पण फौजेचा तोरा अजून उतरलेला नाही.

त्यांच्या मराठी मंडळात दर जूनमध्ये पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांचा सत्कार होतो. नवरा-बायको दोघांची पंचाहत्तरी झाली असली, तर दोघांच्या खांद्यांवरून मिळून एकच लांब शाल पांघरतात. काकांचा जीव त्या शालीत अडकला होता. एकट्यानं शाल घेणं त्यांना अजिबात मान्य नव्हतं.

मंडळाच्या वेबसाइटवर सभासदांचा तक्ता मी हौसेनं करून दिला होता. नाव, जन्मतारीख, वय. वयानं सगळ्यात मोठे ते सगळ्यात वर. लोकांनी फॉर्म भरले, मी ते तक्त्यात ओतले आणि काकांच्या जन्मतारखेच्या जागी 'इनव्हॅलिड डेट' उमटलं. काका सकाळी सकाळी फोन घेऊन वर आले. मी जन्मलोच नाही का, असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं.

चूक नेहमीचीच होती. लोकांनी आधी दिवस लिहिला होता, मग महिना. माझा प्रोग्रॅम आधी महिना वाचत होता. काकांचा जन्म पंधरा मेचा. पंधरावा महिना बिचाऱ्याला कुठे सापडणार? मला ऑफिसची घाई होती. जिथे जिथे बोंब होती, तेवढ्याच ओळींमध्ये मी दिवस आणि महिना जागच्या जागी बसवले. काका पंचाहत्तर वर्षांचे झाले आणि मी स्वतःवर खूश झाले.

काकूंच्या ओळीत कसलीच बोंब नव्हती. दोन ऑगस्ट, वय चौऱ्याहत्तर. काकांनी मान डोलावली. बायको श्रावणातली, आपल्याहून तीन महिन्यांनी लहान, हे त्यांना लग्न ठरल्यापासून माहीत होतं आणि संधी मिळेल तिथे ते सांगतही. म्हणजे यंदा जोडीची शाल नाही. त्यांनी मंडळाला कळवून टाकलं, पुढच्या वर्षी दोघांचं मिळून करा. गेल्या दिवाळीत त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसले होते. त्यांनी पुढचं वर्ष इतकं सहज बोलून टाकलं, पण मला ते ऐकवेना.

रविवारी दुपारी काकू वर आल्या. हातात कोडबळ्यांची, म्हणजे इकडच्या कडबोळ्यांची, झाकलेली वाटी. वाटी ठेवली तरी जाईनात.

"ते ऑगस्ट खोटं आहे पोरी," त्या म्हणाल्या. "मी फॉर्मात खरं लिहिलं होतं. आठ फेब्रुवारी."

मुलगी मुलापेक्षा मोठी निघाली तर स्थळ मोडेल, या भीतीनं त्यांच्या वडलांनी बैठकीत श्रावण सांगितला होता. वाढदिवस करायची पद्धत घरात नव्हती, त्यामुळे तो श्रावण पन्नास वर्षांहून जास्त टिकला. आणि आता काकूंनी पहिल्यांदाच कुठेतरी खरं लिहिलं, तर माझ्या प्रोग्रॅमनं आठाचा महिना केला, दोनाचा दिवस केला आणि वडलांची बाजू घेतली.

मी लॅपटॉपवर सगळा तक्ता उघडला. महिन्याच्या बारा तारखेपर्यंत जन्मलेला प्रत्येक माणूस तक्त्यात निमूट उलटला होता. जे ओरडले त्यांचं मी बघितलं, आणि जे गप्प बसले ते बरोबरच असणार असं धरून चालले. इतकी वर्षं या धंद्यात आहे म्हणून सांगते आणि करते हे असलं. स्वतःचा भयंकर राग आला.

चूक काढायला दहा मिनिटं लागली. पण मग काकूंची ओळ काकांच्या वर गेली. तुमच्यापुरती तारीख लपवते, असं मी सुचवून पाहिलं. काकूंनी नको म्हटलं. त्यांना शाल याच वर्षी हवी होती, आणि त्यासाठी नवऱ्याचा रुसवा सोसायची त्यांची तयारी होती.

संध्याकाळी मी काकांच्याच फोनवर नवा तक्ता उघडून त्यांच्या हातात दिला. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून पुसलेलं पातेलं पुन्हा पुसत होत्या. काकांनी दोन बोटांनी अक्षरं मोठी केली. एकदा वर पाहिलं, एकदा खाली, पुन्हा वर.

"हौदा," एवढंच ते कन्नडमध्ये म्हणाले. असं का.

मला वाटलं, आता शालही गेली आणि माझी खोलीही.

मग काका उठले. शेजारची खुर्ची ओढून पुसली, तिच्या बाजूला फौजेतल्यासारखे ताठ उभे राहिले आणि पन्नास वर्षं 'अगं' म्हणून हाक मारलेल्या बायकोला म्हणाले, "अहो, या. बसा."

काकू पातेल्यासकट येऊन बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांनाच कळत नसावं. मग त्यांनी काकांच्या हातातला फोन घेतला आणि मंडळाला स्वतःच लावला. यंदाच करा म्हणाल्या, दोघांचं.