टोपाखालची पेटी

कासमचाचांना आपण काही सांगितलं की ते आधी आपल्यालाच परत म्हणून दाखवायचे, आणि त्यांनी काही सांगितलं की आपल्याकडून परत म्हणून घ्यायचे. जिल्हाधिकारी कचेरीजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं छोटंसं दुकान आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी उभ्या उभ्या अर्धं पान मजकूर सांगितला आणि म्हणाले, "बाय, मी काय बोललो ता परत सांग." मला रागच आला. शाळेतसुद्धा मला कुणी असं धारेवर धरलं नव्हतं. पण सांगितलं परत, आणि त्यात दोन चुका निघाल्या.

चाचा मूळचे पूर्णगडचे. उभी हयात व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून गेलेली. "अर्धवट ऐकलेल्या निरोपापायी माणसा मरतात, बाय," असं ते सांगायचे, आणि त्यात अतिशयोक्ती नसायची. निवृत्त होऊन आले तेव्हा घरच्यांना वाटलं, आता म्हातारा स्वस्थ बसेल. कसला बसतोय! नवं यंत्र येतं, माणसाला त्याच्यापुढे उभं केलं जातं, पण ते काय करतं हे कुणी समजावून सांगत नाही, ही त्यांची मोठी ठसठस होती. मग ते रेशनच्या दुकानात चेहरा दाखवण्याचं यंत्र असो की फोनवर हुबेहूब मुलाच्या आवाजात पैसे मागणारा भामटा असो. मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलाव आटोपला की उलट्या क्रेटवर बसून ते समजावत. बायका मासळीची टोपली डोक्यावर घेऊनच ऐकायला थांबत. चाचा गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्या क्रेटवर आता कुणीही बसतं, आणि मला ते उगाचच खटकतं.

बोटींवर ठावठिकाणा कळवणारी पेटी बसवायचं सरकारने ठरवलं, तेव्हा चाचांची खरी मोहीम सुरू झाली. केबिनच्या टपावर बसणारी ही पेटी वरच्या सौर पट्टीवर चालायची. संकटात बटण दाबलं की किनाऱ्याला निरोप. चाचांना ती पेटी मनापासून आवडली होती. "असा काय आमच्या वेळी असता तर," म्हणत तिच्यावरून हात फिरवताना मी त्यांना पाहिलंय. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की मासळी लागायची जागा बोटीचा म्होरक्या, तांडेल, सख्ख्या भावाला सांगत नाही, ती आता या पेटीला कळणार. मग हा ठावठिकाणा बघणार कोण, किती दिवस ठेवणार आणि पुढे कुणाला देणार, याचं लेखी उत्तर द्या. निवेदनं मी टाइप करायची. सह्या ते गोळा करायचे. बंदरावरच्या सगळ्या जमातींची माणसं त्यांच्यामागे होती.

एका सभेत मागून कुणीतरी विचारलं, "चाचा, ही झाकली तर?"

आता दुसरा कुणी पुढारी असता तर हसून विषय बदलता. पण रेडिओबद्दल प्रश्न आला आणि चाचा गप्प राहिले, असं होणं शक्य नव्हतं. "झाकलीत तर तिला आभाळ दिसणार नाय. नुसता अॅल्युमिनियमचा टोप उपडा घातलात तरी झाला," ते म्हणाले. सगळे खो खो हसले. मीही हसले. त्या दिवशी मात्र चाचांनी कुणाला परत सांगायला लावलं नाही.

आठवड्याभरात बोटींच्या टपांवर भाताचे टोप उपडे बांधलेले दिसायला लागले. चाचा धावत बंदरावर गेले, "अरे, तसा म्हणालो नव्हतो मी!" म्हणून ओरडले. काहींनी काढले, काहींनी पुढच्या फेरीला काढतो म्हणून सांगितलं.

सुरेश तांडेलाची बोट सात माणसं घेऊन गेली आणि ठरल्या दिवशी आली नाही. श्रावणातले ढगाळ दिवस, वारा उलटसुलट. पहिला दिवस सगळे "येतील, येतील" म्हणत होते. दुसऱ्या दिवशी कुणी म्हणेना. मी मुळातच घाबरट. दुकान उघडं टाकून बंदरावर जायचे, आणि तिथे थांबवत नाही म्हणून परत यायचे. चाचा धक्क्याच्या टोकाला उभे असायचे. येणाऱ्या प्रत्येक बोटीला विचारायचे.

तिसऱ्या दिवशी सुरेशची बायको सुनंदा त्यांच्यासमोर आली. रडत नव्हती.

"चाचा, पेटीत बटण हाय ना?"

"हाय."

"मग निरोप का नाय आला?"

चाचांनी मान खाली घातली. "टोपाखाली ऊन नाय मिळाला तर पेटी मरते. ह्या मी त्या दिवशी सांगायला हवा होता."

"माझाच टोप हाय तो," सुनंदा म्हणाली. "घरातला काढून मीच दिला." मला दोघांकडेही बघवेना.

चौथ्या दिवशी दुसऱ्या एका बोटीने त्यांना ओढत आणलं. इंजिन बंद पडलं होतं. टोप काढून बटण दाबून दाबून बोटं दुखली, पण ढगाळ हवेत पेटीत जीवच आला नाही. सातही जण वाचले. एक खलाशी तापाने फणफणलेला होता, त्याला हातावर उचलून नेलं. बंदरात आनंदीआनंद झाला, आणि चाचा एकटेच घरी गेले.

आठवड्याने आमच्या निवेदनांवर अधिकाऱ्यांपुढे सुनावणी होती. तिथे वाचायचा मजकूर चाचांनी मला सांगितला. पहिलाच मुद्दा असा: टोपाची युक्ती माझ्या तोंडून गेली, ती सात जणांच्या जिवावर बेतली, दोष माझा. मोहिमेतली माणसं मला बाजूला घेऊन म्हणाली, हे वाचलं तर आपलं सगळं गेलं. मलाही तेच वाटत होतं. शिवाय चाचांना चारचौघांत मान खाली घालावी लागेल, याची मला भीती वाटत होती. मी तो मुद्दा टाइपच केला नाही.

सभागृहात चाचा वाचायला उभे राहिले. पहिली ओळ वाचली आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि सगळं तोंडी सांगितलं, टोपासकट.

अधिकारी खुशीत विचारते झाले, "म्हणजे आक्षेप मागे घेताय?"

"नाय साहेब. टोप मागे घेतोय. आमच्या प्रश्नांची उत्तरं अजून याची हायत."

मागच्या रांगांतली आमचीच माणसं उठून गेली. कुणीतरी 'फितूर' म्हणालं, आणि ते चाचांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच ते हजर. मी माफी मागायला लागले, तर हाताने थांबवलं. "आता सांगतो तसा लिही." मी लिहिलं, एक शब्द न गाळता. शेवटी विचारलं, "चाचा, खाली सह्यांना जागा किती सोडू?"

बाहेर रस्त्यावरून ओळखीची दोन माणसं मान वळवून निघून गेली. चाचा त्यांच्याकडे बघत राहिले. "एका माणसाची सोड," म्हणाले.

मी दोघांची सोडली.