केसाएवढी चीर

चौलच्या नाक्यावरचे ते मेकॅनिक बॉनेट उघडलं की आधी सगळ्यांना गप्प बसवतात. गाडीच्या मालकालासुद्धा. "तुमचं मंग सांगा. आधी ती काय बोलते ते ऐकू द्या."

वडिलांची जुनी, कार्बोरेटरऐवजी पेट्रोल-इंजेक्शन असलेल्या पहिल्या गाड्यांपैकी एक गाडी मी त्यांच्याकडे नेली. इंजिन चालू ठेवून उभी केली की ती थरथरायची आणि बंद पडायची. दोन गॅरेजवाल्यांनी प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले आणि शेवटी भंगारात द्या म्हणाले. भंगारवाला दुसऱ्याच दिवशी येणार होता. वडील सोबत आले होते, पण गाडीकडे पाठ करून बसले होते.

मेकॅनिकनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं चालू इंजिनावरून हळूहळू फिरवलं. एकदम त्यांचे डोळे चमकले. "हाय! हितंच हाय! बाहेरची हवा खातेय ही!" इंजिनामागच्या, हवा आत नेणाऱ्या एका पाइपला केसाएवढी चीर होती. त्यांनी तिच्यावर बोट दाबलं आणि थरथर थांबली. इंजिन एका लयीत चालू लागलं.

मी आनंदाने ओरडलोच. ते मात्र बोट काढेनात. वडिलांना म्हणाले, "काका, या ना! ऐका!" इंजिन तापलं होतं, त्यांचा हात भाजत असणार. तरी वडील उठून जवळ येईपर्यंत त्यांनी बोट हलवलं नाही.

वडिलांनी वाकून ऐकलं, बराच वेळ ऐकलं. मग मला म्हणाले, "त्या भंगारवाल्याला फोन कर. येऊ नको म्हणावं."