किल्ली कुणाच्या कमरेला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मध्येच अडवणार नाही. रडगाणं लावणार नाही, काळजी नको. उलट, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या दिवसाची ही गोष्ट आहे — आणि तीच तर अडचण आहे.

मुंबई महाराष्ट्राला मिळाली, तो दिवस. गिरगावातली आमची चाळ सकाळपासून दणाणत होती. गॅलऱ्यांना तोरणं, खाली लेझीम, घोषणांनी घसे बसलेले. पाडवा होऊन महिना उलटला होता, तरी चौकात गुढी उभारायचं ठरलं. चाळीची गुढी नेहमी सगळ्यांत वडीलधारा भाडेकरू उभारी. त्या दिवशी मात्र हाक मला आली. का? — थोडं मागे जावं लागेल.

मी तेव्हा फोर्टातल्या एका अभ्यास मंडळात नोकरीला होते. निवृत्त लष्करी अधिकारी, दोन प्राध्यापक आणि पैसा पुरवायला बडे व्यापारी. देशाच्या संरक्षणावर निबंध लिहायचे आणि दिल्लीला पाठवायचे, हे काम. सीमा, बंदरं, आरमार. दिल्लीत विचार करायला कुणाला सवड नसते हो. तयार विचार मिळाला की बरं वाटतं. आमच्या टाइपरायटरवरचं वाक्य फायलीत जाई, फायलीतून मंत्र्याच्या भाषणात, आणि मंत्र्याला ते स्वतःचंच वाटे. निबंधावर लेखकाचं नाव कधीच नसे, फक्त मंडळाचं. लिहिणाऱ्यांत मी एकटी बाई. आणि चांगलं लिहीत असे — उगाच लाजून काय करू?

चाळीला मी सांगितलं होतं, विमा कंपनीत आहे. कारण संध्याकाळी मी चळवळीत असे. मोर्चे, पत्रकं, लालबाग-परळच्या सभा. व्यापाऱ्यांच्या पैशावर चालणारं ऑफिस तिथे कुणाला रुचलं असतं? खरं ठाऊक होतं फक्त अण्णा कोठाऱ्यांना. ते मंडळाचे ग्रंथपाल. चाळीत तळमजल्याला राहणारे, सगळ्यांत वडीलधारे. मला नोकरी त्यांनीच लावून दिली होती.

मग तो विषय आला. संरक्षणाच्या दृष्टीने मुंबई महाराष्ट्राला द्यावी का? मंडळाचे प्रमुख असलेल्या ब्रिगेडिअरसाहेबांनी उत्तर आधी सांगितलं : मुंबई दिल्लीच्या ताब्यात राहिली पाहिजे. का, ते तुम्ही शोधा. तिथली रीतच तशी. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. वाईट लिहिता आलं असतं, तेही सोपं होतं. मी — उत्तम लिहिलं. गोदी, आरमाराची जहाजं, तेलाच्या टाक्या, खाली गोव्यात बसलेले पोर्तुगीज. आणि एक वाक्य असं जमलं की मीच खूश झाले : ज्या शहराच्या दारात देशाचं आरमार उभं असतं, त्या शहराची किल्ली एकट्या प्रांताच्या कमरेला नसावी.

कच्च्या मसुद्यात आणखी एक परिच्छेद होता. शहर कुठल्याही राज्यात असो, सैन्य आणि आरमार दिल्लीचंच असतं; राज्याची हद्द इकडे सरकली की तिकडे, त्याने संरक्षणात काडीचा फरक पडत नाही. हे खरं होतं. आणि हे ठेवलं असतं तर बाकीचा निबंध कोसळला असता. तो काढ, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी काढला. प्रती बांधताना अण्णांनी विचारलं, "सुधा, आरमाराचा परिच्छेद गळला का गं?" मी म्हटलं, "लांबत होतं." त्यांनी दोऱ्याची गाठ मारली.

दोनेक महिन्यांनी एका मंत्र्याच्या भाषणात ते वाक्य आलं आणि भाषण वर्तमानपत्रात. आमच्या गॅलरीत पेपर मोठ्याने वाचायची पद्धत होती. शेजारच्या सावंतकाकू तांदूळ निवडता निवडता भडकल्या. "कोण तो मेलो लिवणारो? आमच्या कमरेक चावी नको म्हणता? येऊ दे हंय, चावी दाखवतंय तेका!" सगळे हसले. मीही हसले. आणि आतून काय वाटलं सांगू? अभिमान. माझं वाक्य दिल्लीपर्यंत जाऊन परत गिरगावात आलं होतं.

पुढच्या आठवड्यात पेपरात मंडळाचं नाव छापून आलं. चाळ अण्णांकडे वळली. चाळीच्या माहितीत तिथलं दुसरं कोण होतं? दाराला चपलांचा हार लागला. "घरभेदी" म्हणून जिन्यात टोमणे. गणपतीच्या आरतीचं ताट इतकी वर्षं त्यांच्या हाती असे, ते काढून घेतलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर? नाही दाखवलं. का नाही, हे मी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे आधी बोलावं लागलं असतं.

मग अण्णांना चाळीतून काढावं का, यावर चौकात बैठक बसली. सावंतकाकूंनी मलाच पुढे केलं. "तू सांग गो, तू शिकलेली." मी उभी राहिले आणि म्हणाले, "जाऊ द्या. म्हातारा माणूस आहे, पोटासाठी केलं असेल. माफ करा त्यांना."

माफ करा. मी लिहिलेल्या निबंधासाठी मी त्यांना माफ केलं — भरसभेत. लोक म्हणाले, पोरीचं मन किती मोठं. म्हणून तर गुढीला मी.

त्या दिवशी वेळूची काठी अण्णांच्या घरात होती, नेहमीसारखी. त्यांनी ती स्वतः बाहेर आणली, मी स्टुलावर चढल्यावर खालून धरली. जरीचा खण, कडुनिंबाची डहाळी, तांब्या. "घट्ट बांध गं, वारं आहे." मी घट्ट बांधलं. गुढी सरळ उभी राहिली आणि मी अशी ओरडले की पलीकडच्या वाडीतून उत्तर आलं. माझा निबंध हरला होता, आम्ही जिंकलो होतो. मी खोटी नाचले नाही. इतकी खुशीत मी पुढे लग्नातही नव्हते.

सावंतकाकू साखर वाटत होत्या. अण्णांपाशी येऊन थबकल्या, मग म्हणाल्या, "घेवा अण्णानू. आज कोणाक नाय म्हणूचा नाय." त्यांनी तळहात पुढे केला. चिमूटभर मिळाली, ती खाल्ली. मी दोन हातांवर होते. माझ्या तोंडात साखर होती आणि चाळ माझ्या नावाने जयजयकार करत होती. तेव्हा बोलता आलं असतं. मी आणखी मोठ्याने घोषणा दिली.

अण्णा आता नाहीत. निबंध मी लिहिला होता.