केळवणाचा घास

माझ्या ताईवर अन्याय झाला तो गेल्या वैशाखात, रविवारी दुपारी दीड वाजता, गिरीज गावी मामाच्या वाडीत, तिच्याच केळवणाच्या पानावर. करणारे आम्ही अकराजण, सगळे घरचे.

ताई दोन वर्षं धड जेवत नव्हती. पानावर बसायची, भात कालवायची, उठायची. केस गळत होते, पाळी थांबली होती, भर उन्हाळ्यात ती स्वेटर घालून बसायची. दिसत होतं सगळ्यांना. सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे उपास वाढत गेले तेव्हा शेजारच्या बायका आईला म्हणायच्या, नशीबवान आहात, हल्लीच्या पोरी कुठे करतात एवढं. लग्न ठरल्यावर त्याच उपासाला आम्ही डाएट म्हणायला लागलो.

आमच्यात केळवणाचा पहिला घास मामा भरवतो आणि तो नाकारायचा नसतो. मामाने पुरणपोळी तुपात बुडवून पुढे केली. ताई हळूच नको म्हणाली. मामी म्हणाली, फोटोत बारीक दिसायचंय नवरीबाईला. सगळे हसले. मीही हसले.

मामा चिडला. आयुष्यभर केळीचे घड खांद्यावर वाहिलेला माणूस. त्याने तिचा जबडा मुठीत आवळला.

"माझ्या वाडीतून उपाशी उठशील? उघड तोंड."

ती मान झटकायला लागली तशी मावशीने वेणी धरली. हात मी धरले. माझ्या एका मुठीत तिची दोन्ही मनगटं मावली, तरी मला काही कळलं नाही. मामाने घास बोटांनी आत कोंबला. ओठ फाटला, पानातल्या भातावर रक्त पडलं. कुणीतरी म्हणालं, गिळलं बघ, आणि टाळ्या पडल्या. मग दुसरा, तिसरा. चौथ्या घासाला तिचा श्वास अडकला. ती ओकली, मागे कोसळली, डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं.

दवाखान्यात आई अजून सांगत होती, देवभोळी आहे हो, उपास फार करते. डॉक्टरबाईंनी तिला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, हा मनाचा आजार आहे आणि याने हृदय बंद पडून माणूस मरतो. इतके दिवस उपाशी असलेल्या शरीरात असं एकदम अन्न कोंबलंत तर त्यानेही मरतो.

मामा भिंतीला टेकून उभा होता. "मी जेवायलाच घालत होतो ना," एवढंच बोलला.

ताई वाचली. उपचार चालू आहेत, थोडं थोडं खाते, पण आमच्यापैकी कुणासमोर नाही. मी ताट घेऊन गेले की दाराला आतून कडी लागते. ती कडी आम्ही कमावलीय.

आता मी नालासोपाऱ्यात सोसायट्यांमधून या आजाराची माहिती देणारी पत्रकं वाटते. लोक म्हणतात, ही श्रीमंतांची थेरं, आमच्याकडे पोरगी जेवली नाही तर दोन थोबाडीत देतो. त्यांनाही सांगते, तुम्हालाही सांगते. तुमच्या घरात कुणी अन्न टाळत असेल तर तिचं कौतुक बंद करा, टोमणे बंद करा, तिच्या तोंडावरचा हात काढा. आणि याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे न्या.